रडू द्या तिला...

मैत्रिणींनो, कुणाच्या घरचं माणूस गेलं की आपण भेटायला जातो. जाताना मनात एकच प्रश्न असतो, काय बोलायचं? मग दारात पोहोचलो की तोंडातून ठरलेली वाक्यं बाहेर पडतात. 'धीर धर', 'रडू नकोस, मुलांकडे बघ', 'देवाची मर्जी', 'सुटला बिचारा'. आम्हा ख्रिस्ती घरांत यात आणखी दोन वाक्यांची भर पडते. 'देवाला चांगली माणसं हवी असतात' आणि 'आपण विश्वासणारे, आपण असं रडायचं नसतं.' बोलणारीच्या मनात काही वाईट नसतं. पण ऐकणारीच्या काळजात काय होतं, ते कुणी विचारत नाही.

मंडळीच्या महिला मंडळाबरोबर गेली कित्येक वर्षं मी अशा घरांत जाते आहे. एका तरुण विधवेनं मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं होतं, 'ताई, मला सारखं रडू येतं, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का हो?' नवरा जाऊन जेमतेम वीस दिवस झालेले. त्या वीस दिवसांत तिला इतक्या जणींनी 'रडू नकोस' म्हणून सांगितलं होतं की दुःखाच्या जोडीला आता अपराधीपणाही येऊन बसला होता. एकावर एक दोन ओझी!

ख्रिस्ती धर्म दुःखाविषयी खरोखर काय सांगतो? बायबल उघडून बघितलं तर 'रडू नका' म्हणणाऱ्यांच्या पदरी फारसं काही पडत नाही. उलट तिथं पानोपानी माणसं रडताना दिसतात. तीही साधीसुधी नव्हेत, राजे आणि संदेष्टेसुद्धा!

बेथानीच्या दोघी बहिणी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मार्था आणि मरिया या दोघी बहिणींची गोष्ट आहे. यरुशलेमजवळच्या बेथानी गावात त्या राहत. त्यांचा भाऊ लाजर आजारी पडला, म्हणून त्यांनी येशूला निरोप धाडला. येशू पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघींनीही त्याला एकच गाऱ्हाणं ऐकवलं. तू इथं असतास तर आमचा भाऊ गेला नसता! आता हे गाऱ्हाणं म्हणजे सरळ सरळ तक्रारच. पण येशूनं त्यांना गप्प केलं नाही, रागावलाही नाही.

पुढं जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मरियेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना बघून येशूचा स्वतःचाही बांध फुटला. बायबलमधल्या सगळ्यांत छोट्या वचनांपैकी एक वचन म्हणजे येशूच्या या रडण्याची नोंद आहे. लक्षात घ्या, गोष्टीप्रमाणे थोड्याच वेळात तो लाजराला जिवंत करणार होता आणि हे त्याला ठाऊकही होतं. तरी तो त्या बहिणींना 'रडता कशाला, आता बघा गंमत' असं म्हणाला नाही. आधी त्यांच्याबरोबर रडला. पुनरुत्थानाची खात्री ज्याला सगळ्यांत जास्त, तोच जर कबरेपाशी रडला, तर मग रडणं म्हणजे अविश्वास कसा होईल?

संत पौलाच्या पत्राचा दाखलाही नेहमी दिला जातो. थेस्सलनीका गावच्या मंडळीला त्यानं लिहिलं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा तुम्ही शोक करू नका. यातला अर्धाच भाग लोक लक्षात ठेवतात. पौल शोक करूच नका म्हणत नाही. शोक करा, पण पुन्हा भेट होणार आहे ही आशा सोडू नका, एवढंच तो सांगतो. आशा आणि अश्रू एका घरात सुखानं नांदू शकतात.

तक्रार करायला बंदी नाही

जुन्या करारातली नामी ही तर आपल्यातलीच एखादी बाई वाटावी. दुष्काळ पडला म्हणून नवरा आणि दोन मुलगे घेऊन ती बेथलेहेमहून मवाब देशात गेली. तिथं आधी नवरा गेला, मग दोन्ही मुलगे. गावी परत आली ती रिकाम्या हातानं, बरोबर विधवा सून रूथ. गावच्या बायका 'ही नामीच का?' म्हणून जमल्या, तेव्हा तिनं त्यांना सुनावलं, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामीचा अर्थ मनोरम आणि माराचा अर्थ कडू. देवानंच माझं आयुष्य कडू केलं, असं ती चारचौघींत बोलली. कुणी तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. ती सासू आणि ती सून, दोघी विधवा, एकमेकींच्या आधारानं उभ्या राहिल्या. पुढं रूथचं पुन्हा लग्न झालं, मूल झालं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ते शेजारणींनी! दुःखात जमलेल्या बायका सुखातही जमल्या.

ईयोबाची गोष्ट तर भेटायला जाणाऱ्यांसाठीच लिहिली आहे की काय, असं वाटतं. त्याची मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेलं. त्याचे तीन मित्र लांबून भेटायला आले. त्याची दशा बघून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं! तुझंच काही पाप असेल, देव उगीच शिक्षा करत नाही, असा उपदेश त्यांनी सुरू केला. शेवटी देवाचा राग झाला तो कुणावर? देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही, तर देवाची बाजू घेऊन उपदेश करणाऱ्या त्या मित्रांवर.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आणि विलापाची आहेत. यरुशलेम शहराचा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात विध्वंस झाला, त्या शोकावर तर 'विलापगीत' नावाचं अख्खं पुस्तक आहे. पाच अध्यायांपैकी चार अध्यायांत मूळ हिब्रू भाषेतली बावीस अक्षरं क्रमानं येतात. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचं रडणं! दुःखाला एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट बोलून घेऊ दिलं, की त्याला कुठंतरी काठ सापडतो, हे त्या जुन्या लोकांना कळलं होतं.

आणि पुरुषांनी रडू नये म्हणणाऱ्यांनी दावीद राजाची आठवण ठेवावी. बापावरच उलटलेला मुलगा अबशालोम लढाईत मारला गेला, तेव्हा हा राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन धाय मोकलून रडला. आपल्या घरातल्या बाप्यांनाही कधीतरी ही मोकळीक द्यायला हवी.

मूठमाती

आमच्याकडची रीत अनेक मैत्रिणींना माहीत नसते, म्हणून थोडं सांगते. माणूस गेलं की त्याला आंघोळ घालून चांगले कपडे घालतात, शवपेटीत ठेवतात. नातलग येईपर्यंत घरात भजनं आणि प्रार्थना चालू असतात. मग चर्चमध्ये उपासना आणि तिथून कबरस्तान. पेटी खाली सोडली की पाळकसाहेब किंवा फादर प्रार्थना म्हणतात आणि जमलेला प्रत्येक जण चिमूट-मूठ माती टाकतो. बायकाही टाकतात. आमच्याकडे बायका कबरस्तानात जातात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. नवऱ्याला, आईला, लेकराला शेवटपर्यंत पोहोचवून आलं की मन त्या जाण्यावर विश्वास ठेवायला शिकतं. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या दिवसांत कित्येकांना आपल्या माणसाचं तोंडही बघता आलं नाही, मूठमाती देता आली नाही. त्या घरांतलं दुःख अजून ओलं आहे, ते यामुळंच.

इंग्रजीत कबरस्तानाला 'सिमेट्री' म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला, अर्थ निजायची जागा. म्हणून आमच्याकडे गेलेल्या माणसाला 'प्रभूमध्ये निजला' म्हणतात. कुणी 'ख्रिस्तवासी' असं लिहितात.

पंथापंथांत थोडा फरक आहे. कॅथलिक लोक गेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. सातव्या दिवशी, महिन्यानं, वर्षानं त्याच्या नावानं मिस्सा अर्पण करतात. दोन नोव्हेंबर हा त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या सुमारास कबरी साफसूफ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. वसईकडे त्या संध्याकाळी कबरस्तानं उजळून निघतात. प्रोटेस्टंट मंडळीत गेलेल्यासाठी प्रार्थना नसते. तो देवाच्या हाती सुखरूप आहे, असं मानून मागं राहिलेल्यांसाठी सांत्वनाची प्रार्थना होते. पण दोन्हींकडे मर्म एकच. जगणाऱ्यांनी जगणाऱ्यांना एकटं सोडायचं नाही.

बांगड्या कुणी फोडायला सांगितल्या?

आता थोडं कडू बोलते. नवरा गेल्यावर बांगड्या फोडाव्यात, मंगळसूत्र तोडावं, शुभकार्यात मागं उभं राहावं, असं ख्रिस्ती धर्मशास्त्रात कुठंही सांगितलेलं नाही. तरी आमच्या काही घरांत हे चालतं. धर्म बदलला तरी गावची रीत चुलीमागून आत येतेच! लग्नात हळद लावायला तिला बोलवत नाहीत, बारशाला पाळण्याजवळ उभं राहू देत नाहीत. मग आपण कुठल्या प्रेमाच्या गोष्टी करतो?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं, असं परिपत्रक काढलं. एका छोट्या गावाला जे जमलं ते आपल्याला आपल्या अंगणात जमायला हरकत नाही, मग आपण कुठल्याही धर्माच्या असू.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीत विधवांचं स्थान काय होतं बघा. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी तक्रार आली, तेव्हा त्यासाठी खास सात माणसं नेमली गेली. म्हणजे मंडळीच्या कारभारातली पहिली मोठी व्यवस्था झाली ती विधवांच्या ताटासाठी! याकोबानंही आपल्या पत्रात खऱ्या धर्माची व्याख्या करताना अनाथांची आणि विधवांची विचारपूस करण्यालाच आधी मान दिला आहे.

विचारपूस म्हणजे नुसतं 'कशी आहेस' नव्हे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवायच्या असतात, बँकेत, विम्याच्या कचेरीत जायचं असतं. त्या बाईला हे त्या दिवसांत कुठून सुचणार? तिच्याबरोबर जा. ख्रिस्ती बहिणींनी एक ध्यानात ठेवावं, मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलंबाळं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा मिळतो. उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे वाटले जातात. मुलगी म्हणून कमी नाही. रडत्या बाईचा अंगठा कुठल्याही कागदावर घ्यायला दीर टपलेले असतील, तर तिच्याजवळ जाणती एखादी बाई हवीच. निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिचा अर्ज तहसील कचेरीत करता येतो.

ज्यांच्यासाठी कुणी भेटायला येत नाही

काही दुःखं अशी असतात की त्यांच्यासाठी सतरंजीही अंथरली जात नाही. पोटातच गेलेलं मूल, किंवा जन्मून तासाभरात गेलेलं बाळ. 'अजून वय आहे, होईल दुसरं' म्हणून विषय संपवतात. त्या आईला मात्र ते मूल दुसरं नसतं, तेच असतं. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळाचं काय होतं, या विचारानं कॅथलिक आया पिढ्यान् पिढ्या झुरल्या. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानं या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे, असं सांगितलं. किती उशिरा आलेला, पण किती हवा असलेला दिलासा!

दुसरं दुःख आत्महत्येचं. एके काळी अशा माणसाला चर्चची अंत्यविधीची प्रार्थनाही नाकारली जायची. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधीच्या कायद्यात ती बंदी उरली नाही आणि १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथानं अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नका, असं सांगितलं. पण कायदा बदलला तरी लोकांच्या नजरा कुठं बदलतात? ज्या शेतकऱ्यानं गळफास घेतला त्याच्या बायकोला सांत्वनाऐवजी चौकशाच मिळतात. 'भांडण झालं होतं का गं?' असा प्रश्न विचारायचा मोह झाला तर जीभ चावा, पण विचारू नका.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई

आपल्या महाराष्ट्रात दुःख पचवून उभ्या राहिलेल्या बायकांची उणीव नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. लेक मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. या बाईनं पुढं १८८९ मध्ये मुंबईला विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारलं. स्वतःची जखम जिथं होती, तिथूनच त्यांनी इतरांसाठी दार उघडलं. १९२१ मध्ये मनोरमाबाईही गेल्या. उतारवयात एकुलती एक लेक गेली, तरी रमाबाई मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तपासत राहिल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा वेगळी. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेलं आणि पूर्ण केलं. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली, ती तर मराठीचं लेणंच ठरली. त्यांत दुःख आहे तसं हसूही आहे, तेही नवऱ्याच्या लहरींवर खुशाल हसलेलं. गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवायलाच हवं असं नाही. त्याच्या खोड्या आठवून हसणं हाही शोकाचाच एक भाग आहे. घरात कुणी असं हसलं तर 'हिला दुःखच नाही' म्हणू नका.

दुःख किती दिवस?

याला पंचांग नाही. एलिझाबेथ कुबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये दुःखाच्या पाच अवस्था सांगितल्या, त्या पुष्कळ ठिकाणी छापून येतात. नाकारणं, राग, देवाशी घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. पण त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेल्या होत्या, आणि प्रत्येकाचं दुःख त्याच पायऱ्यांनी उतरतं असं नाही, हे पुढं अभ्यासकांनीच सांगितलं. कुणी आठ दिवसांत कामाला लागतं, कुणाला वर्षानं एखाद्या सणाला अचानक हुंदका येतो. दोन्ही बरोबरच.

मात्र वर्ष उलटून गेलं तरी जेवण-झोप ताळ्यावर येत नाही, घरातली कामं सुचत नाहीत, जगण्यात राम वाटत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. लांबलेल्या शोकाला आता वैद्यकशास्त्रानंही आजार म्हणून मान्यता दिली आहे. आणि मरणाचे विचार बोलून दाखवले, तर एक दिवसही थांबू नये. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही बोलता येतं. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही. ताप आला तर आपण दोन्ही करतोच ना?

भेटायला जाल तेव्हा...

\* पहिल्या दिवशी गर्दी असते. तुम्ही दहाव्या, विसाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धाच्या किंवा स्मरणाच्या दिवशीही जा. खरी गरज तेव्हाच असते.

\* बोलायला काही सुचलं नाही तर बोलू नका. जवळ बसा, हात हातात घ्या. 'मला काय बोलावं कळत नाही' हेही चालतं.

\* गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव घेतल्यानं दुःख आठवतं असं आपल्याला वाटतं. अहो, ते विसरलेलं असतं कुठं?

\* 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, ती सांगणार नाही. डबा न्या, मुलांना शाळेत सोडा, दळण आणून द्या.

\* घरातल्या लहान मुलांना 'बाबा गावाला गेले' असं खोटं सांगू नका. सोप्या शब्दांत खरं सांगा.

\* 'देवानं नेलं' हे वाक्य लहान मुलांसमोर तरी टाळा. ती देवालाच घाबरू लागतात.

यापो गावात टबीथा नावाची एक बाई होती. गोरगरिबांना कपडे शिवून द्यायची. ती गेली, तेव्हा गावातल्या विधवा जमल्या आणि आलेल्या पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं रडत रडत दाखवू लागल्या. पेत्रानंही त्यांना दटावलं नाही, सगळं बघून घेतलं. मला वाटतं, भेटायला जाणाऱ्यानं एवढंच करायचं असतं. 'हे त्यांचं होतं' म्हणून ती जे काही दाखवेल, चष्मा असो, वही असो, अर्धवट विणलेला स्वेटर असो, ते हातात घेऊन नीट बघायचं. घाई करायची नाही. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर ते येऊ द्यायचं.